मंगळावर वस्ती झाली तर माणसाची भांडणं अन् टंचाई संपेल का?

शून्य_मैल (धागाकर्ता)

राम राम मंडळी. रविवारी घरच्या पोट्ट्यांना घेऊन रमण विज्ञान केंद्रात गेलतो, तारांगणाचा शो झाला अन् बाहेर निघाल्यावर आमच्या अकरावीतल्या भाच्याने एकदम मोठी थिअरी मांडली. त्याचं म्हणणं असं की माणूस भांडतो कशावरून तर जमीन, पाणी, तेल, खनिज यावरून, म्हणजे जे कमी आहे त्यावरून, आणि अंतराळात तर कशाचीच कमी नाही, सूर्य चोवीस तास चालू, लघुग्रहांवर लोखंड-निकेल पडलेलं, जागा तर विचारूच नका, मग एकदा माणूस तिकडे राहायला गेला की भांडायचं कारणच उरत नाही. मी थोडा वेळ हसलो पण मग उत्तर काही सुचलं नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये आपण ८ अब्ज झालो, रॉकेट परत येऊन उभं राहते हे २०१५ पासून पाहून राहिलो, चांद्रयान-३ दक्षिण ध्रुवाजवळ उतरलं. म्हणजे अगदीच हवेतल्या गप्पा नाहीत.

माझं मत थोडंफार त्याच्याच बाजूने आहे, किमान टंचाईच्या बाबतीत तरी. तुम्हाला काय वाटतं? पक्षीय राजकारण नको, ही विनंती.

सावजी_रस्सा

अबे इथं गल्लीत गाडी लावाच्या जागेवरून दोन सख्खे भाऊ बोलत नाई, अन् तुमी मंगळावर शांतता करून राह्यले. जागा कमी हाये म्हणून नाई भांडत ते, समोर बंद पडलेला अख्खा प्लॉट रिकामा हाये. "माह्या दारासमोर" यावरून भांडण हाये.

बाकी एक शंका. मंगळावर जन्मलेल्या पोट्टीच्या पत्रिकेत मंगळ कोणत्या घरात धरावा? का तिथं पृथ्वीदोष निघन? जाणकारांनी प्रकाश टाकावा. हलके घ्या.

आकाशवेडी

धागा मस्त, वाचनखूण साठवली. मी भाच्याच्या पार्टीत.

आपण बातम्यांमध्ये फक्त भांडणं बघतो म्हणून असं वाटतं. १९७५ मध्ये शीतयुद्ध चालू असताना अमेरिकेचं अपोलो आणि सोव्हिएत रशियाचं सोयूझ ही यानं अंतराळात एकमेकांना जोडली गेली. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर नोव्हेंबर २००० पासून एक दिवसही असा गेला नाही की वर माणूस नाही, आणि २०२२ नंतर खाली रशिया आणि पश्चिमेचं एवढं बिनसलं तरी वर अमेरिकन आणि रशियन एकाच टेबलावर जेवतात, एकमेकांच्या यानातून ये-जा करतात. आपला शुभांशु शुक्ला २०२५ मध्ये तिथेच जाऊन आला. म्हणजे जिथे एकमेकांशिवाय जगताच येत नाही तिथे माणसं नीट वागतात असं मला वाटतं.

आणि टंचाईबद्दल म्हणाल तर त्याच स्थानकावर २०२३ मध्ये ९८ टक्के पाणी परत वापरायचं टार्गेट गाठलं, घाम, श्वासातली वाफ, लघवी सगळं धरून. आपल्या एकाही शहराला हे जमलेलं नाही. टंचाईत राहायला शिकणं म्हणजे एका अर्थाने टंचाईतून सुटणंच की. शिवाय एखादा मोठा लघुग्रह आदळला तर सगळी अंडी एकाच टोपलीत नकोत, हे तर आहेच.

धरमपेठकर

पस्तीस-एक वर्षं पदार्थविज्ञान शिकवलं त्यामुळे हात शिवशिवतोय, थोडं लांबेल, माफ करा.

आधी लोकसंख्येचं. जगात आज वर्षाला साधारण ७ कोटी माणसं वाढतात म्हणजे रोज दोन लाखांच्या जवळपास. पृथ्वीची गर्दी नुसती आहे तेवढी ठेवायची तरी रोज दोन लाख माणसं वर पाठवावी लागतील, रोज, रविवारीसुद्धा. आणि मंगळाकडे निघायची सोयीची वेळ येते दर २६ महिन्यांनी. म्हणजे गर्दी कमी करायला मंगळ, हा मुद्दा इथेच संपला, त्यावर वेळ घालवू नका.

दुसरं वाढीचं. खप वर्षाला दोन टक्क्यांनी वाढत राहिला तर ३५ वर्षांत दुप्पट होतो. समजा मंगळ अगदी पृथ्वीएवढा सुपीक निघाला (नाही, त्याचं क्षेत्रफळ आपल्या कोरड्या जमिनीएवढंच आहे, पण समजा), तरी पृथ्वी भरल्यानंतर दुसरी पृथ्वी भरायला फक्त ३५ वर्षं, मग पुढच्या ३५ वर्षांत आणखी दोन पृथ्व्या लागणार. मर्यादा गेली नाही, एका पिढीने पुढे ढकलली.

तिसरं, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. नासाच्या मंगळावरच्या पर्सिव्हिअरन्स गाडीवर मॉक्सी नावाचं उपकरण होतं, मंगळाच्या हवेतल्या कार्बन डायऑक्साइडपासून ऑक्सिजन काढणारं. उत्तम चाललं, अपेक्षेपेक्षा बरं चाललं. २०२१ ते २०२३ मध्ये सोळा वेळा चालवून एकूण १२२ ग्रॅम ऑक्सिजन निघाला. एका माणसाला दिवसाला साधारण ८४० ग्रॅम लागतो. करा भागाकार. साडेतीन तास. दोन वर्षांच्या प्रयोगातून एका माणसाचे साडेतीन तास. मी त्या प्रयोगाला हसत नाही, तो प्रयोग लहानच ठेवायचा होता, पण भाच्याला सांगा की ज्या गोष्टीसाठी पृथ्वीवर आजवर कोणी पैसे मागितले नाहीत ती गोष्ट तिकडे कारखान्यात बनणार आहे.

हवेचा दाब आपल्या एक टक्क्यापेक्षा कमी, सरासरी तापमान उणे साठच्या आसपास, मातीत परक्लोरेट नावाचे विषारी क्षार. आपण मे महिन्यात ४७ डिग्रीला कुरकुरतो, पण ४७ डिग्रीत माणूस झाडाखाली बसून श्वास तरी घेतो.

शून्य_मैल

सर, साडेतीन तासवाला हिशोब भाच्याला फॉरवर्ड केला. तो म्हणते मशीन मोठी करा. :)

धरमपेठकर

बरोबर म्हणतो. मोठी होईलच. माझा प्रश्न मशीन होईल का हा नाहीच.

कोळसाखाण

नमस्कार. मी इथे वाचतो जास्त, लिहितो कमी. धरमपेठकर सरांनी शेवटी जे सोडून दिलं ते मी उचलतो कारण माझी सगळी नोकरी त्यातच गेली, भूमिगत कोळसा खाणीत व्हेंटिलेशन बघायचो.

तुम्ही लोक मंगळ-मंगळ करून राहिले पण माणूस अशा जागी रोज राहतो, आठ तास तरी. खाली हवा आपोआप नसते. वर चानकाच्या, म्हणजे खाणीत उतरायच्या उभ्या विहिरीच्या, तोंडाशी मेन फॅन असतो, तो हवा ओढतो, म्हणून खाली माणूस जिवंत. नियम असा की कामाच्या जागी ऑक्सिजन १९ टक्क्यांच्या खाली नको अन् कार्बन डायऑक्साइड अर्ध्या टक्क्याच्या वर नको. फॅन बंद पडला हे फोन यायच्या आधी कसं कळते सांगू? खाली हवेचे दरवाजे असतात, एकीकडून ताजी हवा दुसरीकडून परतीची, मधे लाकडी दरवाजा. फॅन चालू असला की दाबामुळे तो दरवाजा खांदा लावून ढकलावा लागते. एखाद दिवशी तो दरवाजा एका हाताने सहज उघडला की माणूस तिथंच थबकते. कोणी काही बोलत नाही, सगळे एकमेकांकडे पाहतात अन् चालायला लागतात वरच्या दिशेने. त्या वेळी खरोखर कोणाचं भांडण नसते, आकाशवेडी ताई तुमचं बरोबर आहे तिथपर्यंत.

पण पुढचं ऐका. वर चालत जायला आम्हाला वर होतं. पृष्ठभाग होता, तिथं फुकटची हवा होती. संप केला तर आम्ही वरच बसायचो, खाली उतरायचंच नाही, हाच तर संप. अन् संपातही पंप अन् फॅनवाले कामावर जायचे, ते युनियननेच ठरवून दिलेलं असते, नाहीतर खाण बुडेल, गॅस भरेल. आता मंगळावर मला सांगा संप कुठं करायचा? बाहेर जाऊन बसायला बाहेर नाही. सगळेच पंप-फॅनवाले. म्हणजे जन्मापासून सगळ्यांना मेस्मा, संपबंदीचा कायदा, लागलेला.

भांडण माल कमी आहे म्हणून होते हे अर्धं झालं. उरलेलं अर्धं असं की मालाच्या व्हॉल्व्हवर कोणाचा हात आहे. पृथ्वीवर लय गोष्टींना व्हॉल्व्ह नाही, हवा, ऊन, पाऊस, रस्त्याच्या कडेचं निंबाचं झाड. वर गेल्यावर प्रत्येक गोष्टीला व्हॉल्व्ह आहे. तिथं माल लाख असू द्या.

सावजी_रस्सा

काका, तुमच्या एका प्रतिसादानं माह्या सगळ्या जोक्सची हवाच काढली. +१००

पेंचचं_पाणी

कोळसाखाण काकांशी सहमत आणि लांब जायची गरज नाही, २०१९ चा जुलै आठवा. नागपूरला दिवसाआड पाणी आलं होतं, आयुष्यात पहिल्यांदा, ते पण ऐन पावसाळ्यात. पाऊस लांबला हे खरंच पण वर छिंदवाड्यात चौराई धरण झालं होतं आणि पेंचचं पाणी आपल्या तोतलाडोह धरणाला यायच्या आधी तिथे अडलं. कोणी चोरी केली नाही, मध्य प्रदेशने आपल्या वाट्याचंच अडवलं, कागदावर सगळं चोख. तरी इथे लोक काय बोलत होते ते आठवते ना? नदी तीच, पाणी पण फार वेगळं नाही, फक्त गेट वरच्याच्या हातात गेलं. तेव्हा आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर टँकर आधी कोणत्या विंगला यावरून जे झालं ते इथे लिहीत नाही, माणसं अजून शेजारी राहतात.

आता पाण्याच्या जागी हवा ठेवा. दिवसाआड हवा.

आकाशवेडी

काका, दरवाजाचं वर्णन भारी आहे, अंगावर आलं. पण मी अजून हरलेली नाही.

दोन गोष्टी. एक, अंटार्क्टिका. तिथेही हवा आणि बर्फाचं पाणी सोडून बहुतेक सगळं बाहेरून आणावं लागतं, तरी १९५९ च्या करारामुळे कोणाचा दावा चालत नाही, सैन्य नाही, आपली मैत्री आणि भारती दोन्ही स्टेशनं आहेत आणि संकटात सगळे देश एकमेकांना मदत करतात. दुसरं म्हणजे १९७० च्या दशकात जेरार्ड ओ'नील या प्रोफेसरने मांडलं होतं की ग्रहावर कशाला राहायचं, अवकाशात फिरणारे मोठे सिलिंडर बांधा, आत झाडं-नद्या-माणसं. म्हणजे एकच एक वस्ती नाही, हजारो. तुम्हाला तुमच्या वस्तीचा मुखिया आवडत नाही? दुसरीत जा, नाहीतर चार लोक मिळून नवी बांधा. पृथ्वीवर हे जमत नाही कारण सगळी जमीन कोणाची ना कोणाची आहे. तिथे निघून जाता येतं, आणि जिथून निघून जाता येतं तिथे जुलूम करणं अवघड असतं. हा मुद्दा कोणी खोडला नाहीये.

धामणगावचा

वेगळं निघून जाणं इतकं सोपं असते? १९५३ चा नागपूर करार झाला तेव्हापासून इथं वेगळ्या विदर्भाचं चालू आहे अन् आपल्याला तर नुसती रेघ मारायची होती, सिलिंडर नव्हता बांधायचा. दांडेकर समितीने १९८४ मध्ये अनुशेष मोजून दिला, त्यानंतर अनुशेषाचाही अनुशेष झाला. मंगळाचा अनुशेष कोण मोजणार? पृथ्वीवरून निधी मंजूर, मंगळावर पोचेस्तोवर आर्थिक वर्ष संपलं, पैसे लॅप्स.

संपादक

विदर्भाचा मुद्दा इथेच थांबवा, त्यासाठी तीन वेगळे धागे आहेत आणि तिन्ही बंद करावे लागले आहेत.

कोळसाखाण

ताई, अंटार्क्टिकात शांतता आहे कारण तिथून अजून कोणी काही काढलं नाही. १९९१ मध्ये माद्रिदला ठरलं की खाणकाम करायचं नाही, अन् दावे तर १९५९ च्या करारापासूनच फ्रीजमध्ये पडून आहेत. अन् अंटार्क्टिकात कोणाचं कायमचं घर-वावर नाही, लोक ड्यूटीवर जातात अन् परत येतात. तुमच्या स्थानकाचं पण तेच. निवडलेली, वर्षानुवर्षं शिकवलेली सात माणसं अन् परतीचं यान दाराशी बांधलेलं. तिथं मी पण गोड बोलेन.

निघून जायचं म्हणता, जायला यान कोणाचं? आमच्या कॉलनीत क्वार्टर कंपनीचं, पाणी कंपनीचं, दवाखाना कंपनीचा, शाळेची बस कंपनीची. वाईट नव्हतं, मी तक्रार करत नाही, पोरं तिथंच शिकली. पण साहेबाशी बिनसलं तर माणूस नोकरी सोडायच्या आधी चारदा विचार करायचा कारण नोकरीबरोबर नळ पण सुटायचा. तरी कॉलनीच्या गेटबाहेर एसटी होती.

वकीलीणबाई

दिवसभर कोर्टात होते, आता वाचलं. व्हॉल्व्हचा मुद्दा कायद्याच्या बाजूने जोडते, थोडा इंटरेस्टिंग आहे.

१९६७ चा बाह्य अवकाश करार आहे, भारतही त्यात आहे. त्याच्या दुसऱ्या कलमात स्पष्ट आहे की चंद्र किंवा इतर कोणत्याही खगोलीय पिंडावर कोणत्याही देशाला मालकी सांगता येणार नाही. छान. सहाव्या कलमात आहे की खासगी कंपनीने अवकाशात काहीही केलं तरी जबाबदारी तिच्या देशाची. हेही छान. पण जमीन न घेता जमिनीतला माल घेता येतो का, हे त्या करारात स्पष्ट लिहिलेलंच नाही. २०१५ मध्ये अमेरिकेने कायदा केला की अमेरिकन कंपनीने अवकाशातून जे खनिज काढलं ते तिचं. २०१७ मध्ये लक्झेंबर्गने तसाच केला, नकाशात शोधावा लागतो एवढासा देश पण रांगेत पुढे. १९७९ चा चंद्र करार होता, सगळ्या मानवजातीची सामायिक संपत्ती वगैरे म्हणणारा, त्यावर आपण १९८२ मध्ये सही केली आणि पुढे मंजुरी दिलीच नाही, अवकाशात माणूस स्वतःच्या बळावर पाठवणाऱ्या एकाही देशाने दिलेली नाही. २०२३ मध्ये आपण अमेरिकेच्या चंद्रमोहिमांशी जोडलेल्या आर्टेमिस करारावर सही केली. चीन आणि रशियाचा चंद्रावरचा तळ वेगळा होणार. २०११ पासून अमेरिकेत कायदा असा की नासाने विशेष परवानगीशिवाय चीनशी थेट सहकार्य करायचं नाही, आणि चीनने आपलं स्थानक वेगळंच बांधलं. आकाशवेडी, तुझ्या त्या एकाच टेबलावर जेवणाऱ्यांमध्ये चिनी माणूस नाहीये हे लक्षात घे. अजून वस्ती नाही तोच दोन वाडे झाले.

आता खरी गंमत. एलन मस्कच्या स्टारलिंक या उपग्रह-इंटरनेट सेवेच्या ग्राहक करारात २०२० मध्ये एक कलम सापडलं, लोकांनी स्क्रीनशॉट फिरवले होते. आशय असा की मंगळावरच्या सेवेपुरतं मंगळ हा स्वतंत्र ग्रह मानला जाईल, पृथ्वीवरच्या कोणत्याही सरकारचा तिथे अधिकार नाही आणि वाद तिथल्या तिथे स्वशासनाने मिटवले जातील. इंटरनेटच्या फॉर्ममध्ये! सहाव्या कलमासमोर हे टिकणार नाही असं माझं स्पष्ट मत आहे, पण कोर्ट कोणतं? नोटीस कोणाला बजावायची? सिग्नल एका बाजूने पोचायलाच ३ ते २२ मिनिटं, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सिंगवर उलटतपासणीसुद्धा होत नाही. साक्षीदाराला वाक्याच्या अधेमधे खिंडीत पकडता आलं नाही तर ती कसली उलटतपासणी.

आणि तिकिटाला पैसे नसतील तर? मस्कने २०२० च्या सुरुवातीला जाहीर म्हटलं होतं की कर्ज मिळेल, मंगळावर कामं भरपूर असतील. हे आपण ऐकलेलं आहे. १८३४ पासून गिरमिटिया मजूर मॉरिशसला गेले, त्यात मुंबई बंदरातून गेलेले मराठी लोकही होते, त्यांचे वंशज आजही तिथे गुढी उभारतात. पाच वर्षांचा करार, प्रवासखर्च मालकाचा, परत यायचं ते करार पुरा झाल्यावर. त्या माणसाकडे निदान बेटाची हवा स्वतःची होती.

सिंदेवाहीचा

वाडे-बिडे वर होतील तेव्हा होतील, आमच्याकडं खाली पडून राह्यलं ना.

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. नागपुरातूनही दिसलं होतं ते, आकाशात आगीची रांग, सगळे म्हणत उल्का. आमच्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला धातूची ही मोठी रिंग पडली, तीनेक मीटर रुंद, मग आसपास गोळे सापडले. पाह्याले जत्रा झाली. चीनच्या रॉकेटचा तुकडा असावा असं तज्ज्ञ म्हणाले. नशीब कोणाच्या घरावर नाही पडली. वकीलीणताई, पडली असती तर नुकसानभरपाई कोणाकडं मागाची? तलाठ्याकडं पंचनाम्याचा कॉलम काय लिहिणार, नैसर्गिक आपत्ती?

वकीलीणबाई

१९७२ चा वेगळा करार आहे, जमिनीवर नुकसान झालं तर सोडणारा देश पूर्ण जबाबदार, चूक सिद्ध करायची गरज नाही. पण दावा देशाने देशावर करायचा असतो, लाडबोरीच्या माणसाने नाही. १९७८ मध्ये सोव्हिएत उपग्रह कॅनडात पडला, आत अणुभट्टी होती, कॅनडाने ६० लाख डॉलर मागितले, ३० लाख मिळाले. तेव्हा कॅनडा होता म्हणून.

धरमपेठकर

सिंदेवाहीकरांच्या मुद्द्याला धरून एक जोडतो. २६ सप्टेंबर २०२२ ला नासाने डार्ट यान डायमॉर्फोस नावाच्या लघुग्रहावर मुद्दाम आदळवलं, त्याची मोठ्या जोडीदार लघुग्रहाभोवतीची प्रदक्षिणा ३२ मिनिटांनी कमी झाली. फार मोठी गोष्ट आहे, मी त्या रात्री झोपलो नाही. पण जो दगड पृथ्वीपासून दूर ढकलता येतो तो उद्या पृथ्वीकडेही ढकलता येतो, गणित तेच, चिन्ह उलटं. लघुग्रहांची खाणकामासाठी ने-आण करणारी मंडळी आणि खाली राहणारी मंडळी यांचं बिनसलं तर खालच्यांनी काय करायचं? उपग्रह पाडून दाखवायची चढाओढ आपण पाहिलीच आहे, चीन २००७, आपण २०१९, रशिया २०२१.

आणि सात माणसांवरून आठवलं. अमेरिकेत ॲरिझोनात बायोस्फियर-२ बांधला होता, काचेचा बंद महाल, तीन एकरांहून थोडा मोठा, आत छोटं जंगल, शेती, समुद्र. १९९१ ते १९९३ आठ माणसं आत राहिली. ऑक्सिजन हळूहळू उतरत २१ टक्क्यांवरून साडेचौदाला आला, म्हणजे चार हजार मीटर उंचीवर राहिल्यासारखं, शेवटी बाहेरून सोडावा लागला. जास्तीची सुपीक माती ठेवली होती, तिच्यातले जीवाणू ऑक्सिजन खात होते, आणि त्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड भिंतींचं ताजं काँक्रीट शोषून घेत होतं, त्यामुळे बराच काळ हिशोबच लागत नव्हता. पण मला जास्त बोलकं वाटतं ते हे की आठ जणांचे चार-चारचे दोन गट पडले आणि बोलणं तुटलं. आठही उत्साही, स्वतःहून गेलेले, एकमेकांचे मित्र. मात्र एक सांगायला हवं, बोलत नसतानाही त्यांनी एकमेकांची कामं थांबवली नाहीत.

बजाजनगर_आई

तुम्ही सगळे मोठ्या माणसांचं बोलताय. तिथे जन्मलेल्या मुलांचं काय? गुरुत्वाकर्षण आपल्या ३८ टक्के. स्थानकावर महिन्याला हाडांची घनता एक-दीड टक्क्याने घटते, ते तर धडधाकट मोठे लोक आणि रोज दोन तास व्यायाम करणारे. तिकडे वाढलेलं मूल पृथ्वीवर येऊन उभं तरी राहू शकेल का हे कोणीच तपासलेलं नाही आणि तपासायचं कोणावर? आईबापांनी सही केली, मुलाने नाही. गिरमिटिया निदान स्वतः अंगठा द्यायचे.

शून्य_मैल

चर्चा कुठच्या कुठं गेली पण थांबवाविशी वाटत नाही. आकाशवेडी, तू एकटीच उरली आमच्या बाजूने.

आकाशवेडी

असू दे एकटी. परीक्षेचा अभ्यास सोडून लिहितेय.

तुमचे सगळे मुद्दे घेतले तरी त्यातून "जाऊ नका" निघत नाही, "असं जाऊ नका" निघतं. व्हॉल्व्ह हा प्रॉब्लेम आहे ना, मग डिझाइनच असं करा की एक व्हॉल्व्ह नसेलच. प्रत्येक घुमटाला स्वतःचं ऑक्सिजन यंत्र, स्वतःचं पाणी, स्वतःची वीज, आणि शेजारच्या घुमटाला जोडणारी नळी. एकाने बंद केलं तर बाकीचे चालू. इंजिनिअरिंगमध्ये हे तसंही सुरक्षेसाठी करतातच. वकीलीणताईंनी सनदेत एक ओळ टाकावी की थकबाकीसाठी हवा तोडता येणार नाही. आणि बायोस्फियरवाल्यांनी बोलणं बंद असून कामं चालू ठेवली हे सरांनीच सांगितलं, मला तर तीच आशेची गोष्ट वाटते.

स्थानकावर २००४-०५ मध्ये रशियन ऑक्सिजन यंत्र इलेक्ट्रॉन पुन्हा पुन्हा बंद पडत होतं. तेव्हा मालवाहू यानातल्या टाक्या आणि ऑक्सिजनच्या कांड्या यांच्यावर काढलं. रासायनिक कांडी, पेटवली की ऑक्सिजन देते, एक कांडी साधारण एका माणसाचा एक दिवस. कोणी कोणाची अडवली नाही.

कोळसाखाण

कांडीचं माहीत नव्हतं, धन्यवाद. आमच्याकडं कमरेला सेल्फ रेस्क्यूअर, म्हणजे हवा बिघडली तर श्वास घ्यायचं छोटं यंत्र, असायचा, शिफ्टच्या आधी बत्तीघरातून सही करून घ्यायचा अन् आल्यावर जमा करायचा. तुमची घुमटाची कल्पना चांगली आहे, खरंच, आमच्या वेळी दोन फॅन असावे म्हणूनही झगडावं लागायचं. फक्त यंत्र घरोघरी दिलं तरी त्याचे फिल्टर, सील, स्पेअर येणार पृथ्वीवरून, २६ महिन्यांतून एकदा. ते उतरवून घेणार कोण अन् कपाटाची चावी कोणाकडं?

आकाशवेडी

वर कपाटाला कुलूप नसतं काका!

कोळसाखाण

सात माणसांत नसते. पाच हजार झाले की स्टोअरकीपर येतोच. अन् स्टोअरकीपर आला की माल मागायचा इंडेंट फॉर्म आला, फॉर्मवर साहेबाची सही आली.

आकाशवेडी

मग स्टोअरकीपर निवडून द्या. दर २६ महिन्यांनी, नवीन माल उतरला की निवडणूक.

वकीलीणबाई

आणि जुन्याने चार्ज दिला नाही तर?